जागच्या जागी



तुम्ही रोज पाठीवर दप्तर घेऊन शाळेत येता. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी उर्दू बोलली जाते. त्यामुळे मराठीच्या तासाला हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तुम्हांला हसू आले असेल. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. कचेरी पाठीवर कशी मावेल?

लहानपणी मलाही हाच प्रश्न पडला होता. माझे अब्बा तहसील कचेरीत रेकॉर्ड कीपर होते. सकाळी ते दफ्तरला निघत आणि मी दप्तर घेऊन शाळेला निघे. एकदा मी त्यांना विचारले, "अब्बा, तुमचे दफ्तर मोठे की माझे?"

ते म्हणाले, "मोठे माझे आहे, पण जास्त विस्कटलेले तुझे आहे."

पुढे मला कळले, की हा शब्द फारसीतून दोन्ही भाषांत आला. वही किंवा कागदांचा संग्रह असा त्याचा जुना अर्थ. उर्दूने कागद ठेवण्याची जागा धरली आणि मराठीने कागद ठेवण्याची पिशवी धरली. अर्थ दोन झाले, तरी दोन्हींच्या मुळाशी एकच काम आहे. ते म्हणजे कागद नीट ठेवणे. आज मी तुम्हांला या ठेवण्याविषयीच सांगणार आहे. फरक एवढाच, की येथे कागदांच्या जागी संगणकातले फोटो आहेत. आणि ही हकीकत माझ्या एका चुकीची आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातील एका उर्दू शाळेत शिक्षक आहे. बी.एड. होऊन शाळेत लागलो, तेव्हा सर्व शिक्षकांत मी वयाने लहान होतो. मला संगणक येतो हे कळताच संगणकाची सारी कामे माझ्याकडे आली. ही कामे थोडी नसतात. शिष्यवृत्तीच्या अर्जांना मुलांचे फोटो लागतात. ध्वजवंदन, वृक्षारोपण, विज्ञान प्रदर्शन यांचे फोटो वर पाठवावे लागतात. २०२४ साली 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान झाले, तेव्हाही शाळेची माहिती आणि छायाचित्रे संगणकावरूनच पाठवायची होती. फोटो संगणकातून संकेतस्थळावर चढवणे, म्हणजेच अपलोड करणे, हे आता खडू-फळ्याइतकेच शाळेच्या नित्याचे झाले आहे.

आता २०१८ सालची गोष्ट ऐका. पावसाळा संपत आला होता. मोंढ्यात नवे सोयाबीन येऊ लागले होते. त्या दिवसांत एनएमएमएस परीक्षेचे अर्ज भरणे चालू होते. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. आठवीत शिकणाऱ्या, घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांसाठी ती आहे. आपल्या राज्यात पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते आणि ती उर्दू माध्यमातूनही देता येते. निवड झाली, तर नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे होतात ४८,००० रुपये. ज्या घरात रोजच्या हजेरीवर चूल पेटते, त्या घराला ही रक्कम किती मोठी, ते तुम्हांला सांगायला नको.

आमच्या शाळेतून एकतीस मुले परीक्षेला बसणार होती. वर्गाच्या भिंतीवर पांढरी चादर लावून मी सर्वांचे फोटो मोबाइलवर काढले आणि संगणकात उतरवले. त्यात एक मुलगी होती. तिचे नाव मी येथे सांगत नाही. गणितात तिचा हात धरणारे वर्गात कोणी नव्हते. तिचे वडील मोंढ्यात हमाली करीत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांनी एक दिवसाची हमाली बुडवली होती.

अर्ज भरायला आठवडाभर हाती होता. पण माझे काम 'आज करू, उद्या करू' असे पुढे सरकत गेले. शेवटच्या दिवशी रात्री नऊ वाजता मी शाळेच्या संगणकासमोर बसलो. रात्री बाराला मुदत संपणार होती.

त्या संगणकात फोटोंची काय दशा होती, ती सांगतो. एका फोल्डरचे नाव होते 'नवीन फोल्डर'. त्याच्या शेजारी 'नवीन फोल्डर २' आणि 'नवीन फोल्डर ३'. एकाचे नाव 'फोटो', दुसऱ्याचे 'फोटो फायनल', तिसऱ्याचे 'फायनल नवीन'. मुलांच्या फोटोंमध्ये स्वातंत्र्यदिनाचे, सहलीचे आणि माझ्या पुतण्याच्या अकीक्याचेही फोटो मिसळले होते. कोणत्याही फोटोला नाव नव्हते. मोबाइलने दिलेले लांबलचक आकडे, एवढीच त्यांची ओळख.

शिवाय प्रत्येक मुलाचे दोन फोटो होते. मोबाइलवर काढलेला मूळ फोटो तीन-चार एमबीचा असतो. अर्जाला मात्र थोड्याशा केबींचा फोटो लागतो. एक एमबी म्हणजे १०२४ केबी. मोंढ्यातले भरलेले पोते आणि हातातली ओंजळ, एवढा हा फरक. म्हणून मी मूळ फोटोंच्या लहान प्रती केल्या होत्या. पण ओंजळी आणि पोती मी एकाच ठिकाणी ठेवली होती. पडद्यावर दोन्ही चेहरे अगदी सारखेच दिसत होते.

एकेक फोटो शोधत, पारखत मी पुढे गेलो. साडेअकरापर्यंत तीस अर्ज झाले. राहिला तिचा अर्ज. तिचा फोटो काही केल्या सापडेना. वर्गात तिच्या नावाची आणि आडनावाची आणखी एक मुलगी होती. तिचा फोटो मला तीनदा सापडला. हिचा एकदाही नाही! बाराला दहा मिनिटे कमी असताना तो 'नवीन फोल्डर ३' मध्ये दिसला. मी घाईने तो चढवला. पडद्यावर लाल अक्षरांत उत्तर आले, की फोटोचा आकार मर्यादेपेक्षा मोठा आहे. मी ओंजळीऐवजी पोतेच उचलले होते. फोटो लहान करून पुन्हा आलो, तोवर घड्याळात बारा वाजून गेले होते. अर्जाचे पान मिटले होते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेच्या फाटकातच भेटली. "सर, माझा फॉर्म गेला?"

मी म्हणालो, "नाही गं. साइट बंद पडली."

मुलांनो, हे खोटे होते. संकेतस्थळ शेवटच्या मिनिटापर्यंत चालू होते. तिने थोडा वेळ मान खाली घातली. मग विचारले, "सर, माझा फोटो चांगला नव्हता का?"

मी काहीच बोललो नाही. दुपारी तिचे वडील आले. त्यांच्या अंगावर सोयाबीनची धूळ होती. ते म्हणाले, "सर, तुम्ही रात्री जागलात, तुमचे उपकार आहेत. आमच्या नशिबात नव्हते." आणि ते कामावर परत गेले. मी त्यांचा मुलीचा हक्क बुडवला होता आणि ते माझेच आभार मानून गेले.

त्या रात्री मला जेवण गेले नाही. अब्बा तेव्हा निवृत्त होऊन घरीच होते. त्यांनी कारण विचारले. मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न केला.

"फोटो हरवला होता, की सापडला नाही?"

मी म्हणालो, "हरवला नव्हता. तिथेच होता. सापडला नाही."

"मग ऐक," ते म्हणाले. "माझ्या नोकरीत हरवलेले कागद मी फार थोडे पाहिले. न सापडणारे कागद मात्र पुष्कळ पाहिले. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखेच. त्याला हात हलवत परत जावे लागते."

मग त्यांनी मला आपल्या रेकॉर्ड रूमची हकीकत सांगितली. तेथे कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले असत. त्या कापडाला म्हणतात रुमाल. खिशातला रुमाल नव्हे, चांगला हातभर मोठा. पूर्वीपासून ही रीत आहे. पुण्याचे पेशवे दफ्तर असेच रुमालांत बांधून ठेवलेले आहे. त्या हजारो कागदांतून निवड करून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड संपादित केले. कागद बांधून, जपून ठेवलेले होते, म्हणून शेदीडशे वर्षांनंतरही त्यांतून इतिहास वाचता आला.

अब्बांच्या खोलीत प्रत्येक रुमालाला चिठ्ठी लावलेली असे. चिठ्ठीवर आधी गावाचे नाव, मग कागदाचा प्रकार, मग वर्ष. मी विचारले, "आधी गावच का? वर्ष का नाही?"

ते म्हणाले, "शेतकरी खिडकीशी येतो, तेव्हा पहिल्यांदा काय सांगतो? आपले गाव सांगतो. वर्ष त्याला पुष्कळदा आठवत नाही. जो शोधायला येणार, त्याच्या तोंडून जो शब्द आधी येतो, तोच चिठ्ठीवर आधी लिहायचा. कागद ठेवताना ठेवणाऱ्याची सोय बघायची नाही, शोधणाऱ्याची बघायची."

हे वाक्य मी मनात कोरून ठेवले आहे.

गावच्या जमिनीचे हिशोबही असेच क्रमांकाने बांधलेले आहेत. तुम्ही सातबारा हा शब्द घरी नेहमी ऐकता. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन नमुने एकत्र येऊन सातबारा होतो. असे एक ते एकवीस गाव नमुने आहेत. क्रमांक ठरलेला, म्हणून हिंगोलीच्या माणसाने सातबारा म्हटले काय आणि कोल्हापूरच्या माणसाने म्हटले काय, कागद तोच निघतो. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. अब्बा म्हणत, "जिल्हा वेगळा करणे एका आदेशाचे काम. पण कागद वेगळे करणे सोपे जाते, ते चिठ्ठ्या नीट असल्या तरच."

सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धतही आहे. पहिल्या गठ्ठ्यात आता करायची कामे. दुसऱ्यात ज्यांच्या उत्तराची वाट पाहायची ती. तिसऱ्यात ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणे. चौथ्यात कायमचे आदेश. पाचव्यात रेकॉर्ड रूमकडे पाठवायचे कागद आणि सहाव्यात नष्ट करायचे कागद. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीची बसण्याची मांडणी आणि कागदांची ठेवण सुधारली. ती पुढे 'लखीना पॅटर्न' या नावाने प्रसिद्ध झाली. ग्रंथालयशास्त्राचे थोर अभ्यासक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम आहे वाचकाचा वेळ वाचवण्याचा. रेकॉर्ड रूममधले अब्बा आणि ग्रंथालयातले रंगनाथन, दोघांचे सांगणे एकच होते.

संगणकात ज्याला आपण फोल्डर म्हणतो, तोही मुळात कागद ठेवण्याची घडीची फाइलच. १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या संगणकाच्या पडद्यावर कागद, फोल्डर आणि कपाट यांची लहान चित्रे होती. कचेरीतल्या माणसाला संगणक परका वाटू नये, म्हणून. म्हणजे संगणक हे नवे दफ्तर आहे आणि फोल्डर हा नवा रुमाल आहे. रुमालावर चिठ्ठीच लावली नाही, तर संगणक तरी काय करणार?

पुढच्या रविवारी मी शाळेची किल्ली मागून घेतली आणि संगणकासमोर बसलो. अब्बांनाही सोबत नेले. त्यांना माऊस धरता येत नव्हता. पण काय कोठे ठेवायचे, ते तेच सांगत होते. त्या दिवशी जे केले, ते तुमच्याही उपयोगाचे आहे, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, एकात एक बसणारे फोल्डर केले. सर्वांत वर शैक्षणिक वर्ष. वर्षाच्या आत इयत्ता आणि इयत्तेच्या आत काम. उदाहरणार्थ, '२०१८-१९', त्यात 'आठवी', त्यात 'एनएमएमएस'. तीन पायऱ्यांत माणूस फोटोपर्यंत पोचला पाहिजे. पायऱ्या सात-आठ झाल्या, तर आपणच जिन्यात हरवतो. कार्यक्रमांच्या फोटोंना वेगळा फोल्डर दिला. घरचे फोटो शाळेच्या संगणकातून काढूनच टाकले.

दुसरी गोष्ट, प्रत्येक फोटोला नाव दिले. नुसत्या नावावर भागत नाही, हे मी शिकलो होतो. एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असू शकतात. पण जनरल रजिस्टरचा क्रमांक प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून आधी क्रमांक, मग नाव, मग 'फोटो' किंवा 'सही'. क्रमांक लिहिताना सगळ्यांचे अंक सारखे ठेवले. सातला ७ न लिहिता ००७ लिहिले. कारण अनेक ठिकाणी संगणक आकडेही अक्षरांसारखेच लावतो. मग १ नंतर १० येतो, ११ येतो आणि २ बिचारा मागे राहतो. कार्यक्रमांच्या फोटोंना तारीख दिली. पण आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने तारखेचा हाच क्रम ठरवून दिला आहे. असे लिहिले, की फोटो आपोआप तारखेच्या ओळीने उभे राहतात.

तिसरी गोष्ट, पोते आणि ओंजळ वेगळी केली. प्रत्येक कामाच्या आत दोन फोल्डर केले, 'मूळ' आणि 'पाठवायचे'. मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याची प्रत करायची, ती लहान करायची आणि 'पाठवायचे' मध्ये ठेवायची. याला आणखी एक कारण आहे. मोबाइलचे फोटो बहुधा जेपेग या पद्धतीने साठवलेले असतात. हे मानक १९९२ सालचे आहे. त्यात जागा वाचवण्यासाठी चित्रातला बारीक तपशील सोडून दिला जातो. तोच फोटो पुन:पुन्हा लहान करून साठवला, तर चेहरा पुसट होत जातो आणि गेलेला तपशील परत येत नाही. मूळ फोटो जपला, तर कधीही नवी प्रत काढता येते.

चौथी गोष्ट, नेहमी लागणारा फोल्डर हाताशी ठेवला. अर्जातले अपलोडचे बटन दाबले, की एक खिडकी उघडते. तिच्या डाव्या बाजूला नेहमीच्या फोल्डरांची यादी असते. विंडोज १० मध्ये तिचे नाव 'क्विक ॲक्सेस' आहे. आपल्या फोल्डरवर माऊसचे उजवे बटन दाबून 'पिन टू क्विक ॲक्सेस' निवडले, की तो या यादीत येऊन बसतो. मग दरवेळी सारे घर धुंडाळावे लागत नाही. चालू कामाचा फोल्डर तेवढा येथे ठेवायचा. काम संपले, की यादीतून काढायचा. यादीतून काढल्याने फोल्डर पुसला जात नाही, तो आपल्या जागीच राहतो.

पाचवी गोष्ट, 'आलेले' नावाचा एक फोल्डर केला. मोबाइलवरून उतरवलेले फोटो आधी त्यात येतात. दर शनिवारी तो रिकामा करायचा. काही फोटो आपल्या जागी जातात, काही पुसले जातात. अब्बांच्या सहा गठ्ठ्यांतला शेवटचा गठ्ठा मला येथे उमगला. नको ते वेळेवर काढून टाकणे, हाही नीट ठेवण्याचाच भाग आहे.

सहावी गोष्ट, सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली. संगणक कधी बिघडेल, ते सांगता येत नाही.

आणि एक सूचना खास तुमच्यासाठी. तुम्ही बाहेरच्या दुकानात अर्ज भरायला जाता. तेथील संगणकावर आपला फोटो, सही, आधार कार्ड उतरवले जाते. काम झाल्यावर ते पुसायला सांगा. रिसायकल बिनमधूनही काढायला सांगा. आपला कागद आपल्या जागी असावा, तसा तो परक्याच्या जागी राहू नये.

संध्याकाळी काम संपले. मी समाधानाने अब्बांकडे पाहिले. ते म्हणाले, "अजून परीक्षा राहिली आहे. एकदा मी तापाने आठ दिवस घरी होतो. माझ्या मागे नव्या कारकुनाने मागितलेला कागद पाच मिनिटांत काढून दिला. नोकरीत मला सर्वांत जास्त आनंद त्या दिवशी झाला. रेकॉर्ड कीपर नसताना कागद सापडला, तरच रेकॉर्ड नीट आहे, असे समज."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या शिपाई मामांना संगणकासमोर बसवले. एक क्रमांक सांगितला आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. मामांना संगणकाची फारशी सवय नाही. तरी मिनिटभरात आतून हाक आली, "सर, सापडला!"

पण माझे खरे काम अजून बाकी होते. फोल्डर नीट लावले, म्हणून खोटे खरे होत नाही. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी मोंढ्यात गेलो. त्या मुलीचे वडील पोती उचलत होते. त्यांना बाजूला बोलावून मी सांगितले, की संकेतस्थळ बंद नव्हते. फोटो माझ्याकडेच होता. माझ्या अव्यवस्थितपणामुळे तो मला वेळेवर सापडला नाही. चूक सर्वस्वी माझी होती.

ते बराच वेळ गप्प राहिले. रागावले असते, तर मला बरे वाटले असते. मग ते आपल्या दक्खिनी बोलीत जे बोलले, त्याचा अर्थ असा होता : "माझ्या मुलीचे झाले ते झाले, सर. पुढच्या पोरांचे असे होऊ देऊ नका." दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीलाही सांगितले. "तुझा फोटो चांगला होता. माझी ठेवण चांगली नव्हती." तिने मान डोलावली. पण बरेच दिवस ती माझ्याशी मोजकेच बोलत असे. तिचे ते वागणे योग्यच होते.

ही परीक्षा आठवीतच देता येते. त्यामुळे ती संधी तिला पुन्हा मिळाली नाही. मी पुढे तिला वह्या-पुस्तकांची मदत केली, सुट्टीत गणिताचे जादा तास घेतले. पण मी तुम्हांला असे सांगणार नाही, की त्याने सारी भरपाई झाली. ती झाली नाही. काही चुका दुरुस्त होत नाहीत, त्या फक्त पुन्हा होऊ न देता येतात. त्यानंतर आजवर आमच्या शाळेतल्या एकाही मुलाचा अर्ज फोटोवाचून राहिलेला नाही.

दहावी झाल्यावर ती अकरावीच्या प्रवेशासाठी कागद घ्यायला शाळेत आली. तिला फोटो आणि सहीची प्रत हवी होती. मी तिचा क्रमांक विचारला. वर्ष उघडले, इयत्ता उघडली, फोल्डर उघडला आणि फोटो तिच्या मोबाइलवर पाठवला. मिनिटभरही लागला नाही. तिने मोबाइलकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाली,

"सर, आज साइट चालू आहे वाटते!"

मीही हसलो. पण आत कुठेतरी लागले, आणि ते लागायलाच हवे होते.

मुलांनो, तुमच्या घरी संगणक असेल किंवा नसेल. बहुतेकांच्या घरी मोबाइल आहे आणि दप्तर तर सगळ्यांकडेच आहे. आज घरी गेल्यावर ते एकदा उघडा. गुणपत्रिका, आधार कार्ड, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट आकाराचा फोटो या वस्तू घरात नेमक्या कोठे आहेत, ते बघा. मग त्यांना एक जागा ठरवून द्या आणि ती जागा अम्मींना व अब्बांना सांगून ठेवा. तुम्ही घरी नसताना तुमचा कागद त्यांना सापडला, तर समजा, की तुमचे दप्तर नीट लागले आहे.